अर्भक, दास आणि रोबोट : एका शब्दाची वंशावळ

‘रोबोट’ हा शब्द आज आपल्या मुलांच्या तोंडी सहज येतो. विज्ञान प्रदर्शनात पुठ्ठ्याचा रोबोट असतो, मोटारींच्या कारखान्यात जोडकाम करणारा पोलादी हात असतो आणि तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या आमच्या कितीतरी माजी विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमात तर या विषयाचे स्वतंत्र प्रकरणच असते. शब्द इंग्रजीतून आला म्हणून तो इंग्रजी, एवढीच आपली समजूत. वास्तविक तो इंग्रजीचा नव्हे. तो चेक भाषेतला आहे, वयाने जेमतेम शंभर वर्षांचा आहे. परंतु ज्या मुळापासून तो फुटला ते मूळ काही हजार वर्षे जुने असून त्याची एक फांदी आपल्या मराठीतही आहे. त्या मुळाचा अर्थ यंत्र असा नाही. आई-बाप हरवलेले मूल, पुढे दास आणि त्याहीपुढे दासाकडून सक्तीने करवून घेतलेले काम, असा त्याचा क्रम आहे. इतिहासाच्या पुस्तकांत राजांच्या वंशावळी पुष्कळ असतात. दासांच्या वंशावळी कोणी लिहून ठेवल्या नाहीत. मात्र दासाला ज्या नावाने हाक मारली गेली त्या नावाची वंशावळ भाषाशास्त्राने जुळवून दिली आहे, आणि ती येथे मांडण्याचा आमचा विचार आहे.

रशियन, युक्रेनियन, पोलिश, चेक, स्लोव्हाक, बल्गेरियन, सर्बियन इत्यादी भाषांना स्लाव्हिक भाषा म्हणतात. या साऱ्या एका आद्य भाषेपासून निघाल्या. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आजच्या युक्रेन-पोलंडच्या परिसरात राहणारे लोक ती भाषा बोलत होते आणि सहाव्या शतकापासून ते दूरवर पसरू लागल्यावर तिचे तुकडे पडत गेले. या आद्य स्लाव्हिक भाषेतील एकही लेख उपलब्ध नाही. असणारही नाही, कारण त्या लोकांजवळ लिपीच नव्हती. सलोनिका नगरातील सिरिल आणि मेथोडियस हे दोघे भाऊ ८६३ साली धर्मप्रसारासाठी मोराव्हियात गेले. त्या कार्याकरिता सिरिलने स्लाव्हिक भाषेसाठी अक्षरे घडवली, आणि तेव्हापासून स्लाव्हिक शब्द लेखी स्वरूपात आढळू लागतात. त्या जुन्या धर्मग्रंथांच्या भाषेला प्राचीन चर्च-स्लाव्हिक म्हणतात.

मग त्यापूर्वीचा शब्द कळावा कसा? आपल्याकडे मराठीत ‘हात’, हिंदीत ‘हाथ’, पंजाबीत ‘हत्थ’ असे शब्द आहेत. यांच्या मागे पालीतला ‘हत्थ’ आणि त्याच्याही मागे संस्कृतातला ‘हस्त’ उभा आहे. आपल्या सुदैवाने दोन्ही लिखित आहेत. समजा ते नष्ट झाले असते, तरीही आजच्या भाषांतील ध्वनी नियमाने कसे बदलतात हे अनेक शब्दांवरून ताडून मूळ रूपाच्या बरेच जवळ जाता आले असते. स्लाव्हिकच्या बाबतीत अभ्यासकांनी नेमके हेच केले. अशा अनुमानाने सिद्ध केलेल्या रूपापुढे तारकाचिन्ह घालतात. ही खूण रूढ करण्यात एकोणिसाव्या शतकातील ऑगस्ट श्लायखर या जर्मन पंडिताचा मोठा वाटा आहे; तो काही काळ प्रागच्या विद्यापीठात अध्यापकही होता. तारका म्हणजे ‘हे कोठेही लिहिलेले सापडलेले नाही, पुराव्यांवरून आम्ही उभे केले आहे’ अशी प्रामाणिक कबुली. आपल्या इतिहासलेखनातही अशी एखादी खूण असती तर किती बरे झाले असते, असे आम्हाला पुष्कळदा वाटते.

आपला शब्द आहे *ओर्बु. शेवटचा उकार अगदी निसटता उच्चारायचा. अर्थ : दास. त्याच्याच कुळातले आणखी दोन शब्द म्हणजे *ओर्बें, मूल. आणि *ओर्बोता, दास्य किंवा दासाचे काम.

आता वाचक विचारतील, की आजच्या स्लाव्हिक भाषांत तर ‘राब’, ‘रोब’, ‘रोबोता’ अशी रकाराने सुरू होणारी रूपे दिसतात; मग मूळ रूपात स्वर आधी आणि रकार नंतर, हे कशावरून? आपल्या खेड्यापाड्यांत ‘नुकसान’ला ‘नुस्कान’ म्हणतात. दोन वर्णांनी जागा बदलल्या, अर्थ तोच राहिला. व्याकरणात याला वर्णविपर्यय म्हणतात. आपल्याकडे हे एखाददुसऱ्या शब्दात घडते. स्लाव्हिकमध्ये एका कालखंडात ‘र’ आणि ‘ल’ यांच्या बाबतीत ते सरसकट घडले. नांगराला लॅटिनमध्ये ‘अरात्रुम’ म्हणत, पण पोलिशमध्ये ‘राद्लो’ आणि रशियनमध्ये ‘रालो’. या बदलाचा काळ सांगणारा एक मौजेचा साक्षीदार आहे. फ्रँक लोकांचा सम्राट शार्लमेन याचे जर्मन नाव ‘कार्ल’. तो ८१४ साली मरण पावला. त्याच्या दराऱ्यामुळे शेजारच्या स्लाव्ह लोकांनी त्याचे नावच ‘राजा’ या अर्थाने उचलले. आज राजाला चेकमध्ये ‘क्राल’, पोलिशमध्ये ‘क्रुल’ आणि रशियनमध्ये ‘कोरोल’ म्हणतात. म्हणजे ‘कार्ल’ हे नाव स्लाव्हिकमध्ये शिरले तेव्हा शब्दाच्या पोटातील हा बदल पूर्ण व्हायचा होता. शब्दाच्या आरंभीचा बदल, म्हणजे आपल्या *ओर्बुमधला, त्याच्या थोडा आधीचा मानतात. एका सम्राटाचे नाव दासाच्या शब्दाचा काळ ठरवण्याच्या कामी यावे, हे आम्हाला उचितच वाटते.

ही सारी युरोपातील भाषांची गोष्ट झाली. पण *ओर्बुचे नाते त्याहून जुने आहे. स्लाव्हिक, जर्मानिक, लॅटिन, ग्रीक, आर्मेनियन, इराणी आणि संस्कृत यांचे मूळ एकच, आणि त्या मूळ भाषेत या शब्दाचा अर्थ ‘हरवलेला, पोरका’ असा होता, हे बहिणभाषांवरून दिसते. ग्रीकमध्ये ‘ओर्फानोस’ म्हणजे पोरके मूल. इंग्रजीतील ‘ऑर्फन’ तेथूनच आला. लॅटिनमध्ये ‘ओर्बुस’ म्हणजे ज्याचे जिवलग कोणी हिरावले गेले आहे असा. आई-बाप गमावलेल्या मुलाला हा शब्द लागे तसा मूल गमावलेल्या आई-बापालाही लागे. आर्मेनियनमध्ये ‘ओर्ब’ म्हणजे अनाथ. संस्कृतात ‘अर्भ’ आणि ‘अर्भक’. ऋग्वेदात हे शब्द लहान, दुबळा अशा अर्थाने आले आहेत, आणि मराठीत ‘अर्भक’ म्हणजे नुकते जन्मलेले मूल. सरकारी अहवालात ‘अर्भक मृत्युदर’ हा शब्द आपण वाचतो. तुकोबांच्या अभंगातही पंतोजी ज्याला शिकवतात ते लेकरू अर्भकच आहे. आपल्या भाषेत पोरकेपण गळून पडले, फक्त लहानपण उरले.

जर्मानिक भाषांनी वेगळेच वळण घेतले. तेथे या मुळापासून ‘वारसा’ हा अर्थ निघाला. जर्मनमध्ये ‘एर्बे’ म्हणजे वारसा आणि वारसदारही. पाहता पाहता हे विचित्र वाटेल, पण कारण सरळ आहे. बाप मरतो तेव्हा एकाच क्षणी मूल पोरके होते आणि बापाची मालमत्ता दुसऱ्याच्या हाती जाते. ज्यांच्या बापांजवळ काही होते त्यांच्या तोंडी हा शब्द वारशाचा झाला. ज्यांच्या बापांजवळ काही नव्हते त्यांचे काय झाले, ते स्लाव्हिक सांगते.

प्राचीन समाजात माणसाला संरक्षण मिळे ते कुळाचे. त्यावर राजा नव्हता, न्यायालय नव्हते. मारले तर सूड घेणारे भाऊबंद आणि उपाशी असेल तर वाढणारे घर, एवढीच काय ती सुरक्षा. ज्या मुलाचे कुळ लढाईत, रोगराईत वा उपासमारीत नाहीसे झाले ते दुसऱ्याच्या दाराशी जाई. तेथे त्याला जेवण मिळे, पण कुटुंबीयाचा मान मिळत नसे. ते गुरे राखी, सरपण आणी, दळण दळी. मोठे झाल्यावरही त्याचे स्थान तेच राही, कारण त्याच्या बाजूने बोलणारे कोणी नसे. घरातील ‘पोरगा’ आणि घरातील ‘गडी’ यांच्यासाठी एकच शब्द वापरला जाणे ही गोष्ट आपल्याला तरी नवीन नाही. आपल्याकडेही हॉटेलात टेबल पुसणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला ‘पोऱ्या’ म्हणून हाक मारली जाते. अर्थ बदलण्याची ही वाट व्युत्पत्तिकारांनी सर्वसाधारणपणे मान्य केली आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला तीत एक महत्त्वाची साक्ष दिसते. या शब्दाच्या मुळाशी कोणतीही हीन जात, हीन रक्त वा पूर्वजन्मीचे पाप नाही. दास म्हणजे ज्याचे रक्षण करणारे कोणी उरले नाही असे माणसाचे मूल. त्याच्या माथी नीचपणा मारला गेला तो नंतर, त्याच्याकडून काम करवून घेणाऱ्यांकडून.

शब्दाच्या संततीत तीन शाखा दिसतात. पहिली मुलाची. रशियनमध्ये मुलाला ‘रेब्योनोक’ म्हणतात. जुने रूप ‘रोबेनोक’. त्याच्याच अनेकवचनाचे ‘रेब्याता’ हे रूप आज ‘अरे मुलांनो’, ‘दोस्तहो’ अशा आपुलकीच्या हाकेसाठी वापरतात. चेकमध्ये ‘रोब्ये’ आणि ‘रोबात्को’ म्हणजे तान्हे मूल. युक्रेनियनमध्ये ‘पारुबोक’ म्हणजे लग्नाच्या वयाचा तरुण, तर पोलिशमध्ये ‘पारोबेक’ म्हणजे शेतावरचा सालगडी. एकाच शब्दाचे दोन देशांत दोन दैवांचे अर्थ. दुसरी शाखा दासाची : प्राचीन चर्च-स्लाव्हिक ‘राबु’, रशियन ‘राब’, सर्बियन आणि बल्गेरियन ‘रोब’. तिसरी कामाची : रशियन आणि बल्गेरियन ‘राबोता’, युक्रेनियन, पोलिश, स्लोव्हाक व चेक ‘रोबोता’. पोलिशमध्ये तर ‘करणे’ या साध्या क्रियापदालाही ‘रोबिच’ म्हणतात. पोलिश गृहिणी स्वयंपाक करते म्हणताना तिच्या तोंडी दास्याचे मूळ असते आणि तिला त्याची वार्ताही नसते.

कामाच्या शाखेत अर्थ किती बदलला याचे एक उदाहरण बायबलात आहे. इजिप्तमधील ज्या दास्यातून यहुदी लोक सुटले त्याला मूळ ग्रंथात ‘दास्याचे घर’ म्हटले आहे. चर्च-स्लाव्हिक भाषांतरकाराने तेथे ‘राबोता’ हाच शब्द घातला, कारण त्याच्या काळी त्याचा अर्थ गुलामी असाच होता. पुढे एकोणिसाव्या शतकातील आधुनिक रशियन भाषांतरात मात्र ‘राब्स्त्वो’ हा वेगळा शब्द घ्यावा लागला. तसे न करते तर रशियन वाचकाला वाटले असते, की ते लोक नोकरीच्या ठिकाणाहून पळून गेले!

रशियातील दासाच्या शाखेचा इतिहास थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे. ‘रुस्काया प्राव्दा’ ही कीव्हच्या राज्यातील जुनी कायदेसंहिता. तीत पुरुष दासाला ‘खोलोप’ म्हणतात आणि दासीला ‘रोबा’. धन्यापासून रोबेला झालेल्या मुलांना बापाच्या मृत्यूनंतर वारसा मिळणार नाही, मात्र आईसह त्यांची सुटका होईल, असे एक कलम तीत आहे. जर्मनीत ज्या मुळाचा अर्थ वारसा झाला, त्याच मुळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्त्रीच्या लेकरांना कायद्याने वारसा नाकारला. हे कलम उदार म्हणावे की कठोर, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोडतो.

पुढे हा शब्द दरबारात शिरला. सम्राट पीटरने १७०२ साली हुकूम काढला, की बादशहाकडे अर्ज करणाऱ्याने, मग तो कितीही मोठा सरदार असो, खाली ‘आपला अत्यंत नम्र राब’ असे लिहावे. ज्यांच्या मालकीची हजारो माणसे होती असे उमराव स्वतःला कागदावर दास म्हणवू लागले. सम्राज्ञी कॅथरीनने १७८६ साली ही पद्धत बंद केली आणि ‘राब’च्या जागी ‘एकनिष्ठ प्रजाजन’ असे लिहिण्याचा आदेश दिला. कवी कापनिस्त याने या निर्णयाच्या गौरवार्थ काव्य रचले. परंतु त्याच कॅथरीनच्या राजवटीत, तीनच वर्षे आधी, युक्रेनमधील शेतकऱ्यांना जमिनीशी बांधून भूदास करण्यात आले होते आणि त्याच कापनिस्तने तेव्हा त्या दास्याविरुद्ध शोकाचे काव्य लिहिले होते. अर्जावरचा शब्द गेला, शेतावरचा माणूस तसाच राहिला. भूदासांची मुक्तता झाली ती १८६१ साली. नाव बदलले की स्थिती बदलली असे समजण्याची आणि समजावण्याची सवय सत्ताधाऱ्यांना सर्वत्र असते. आपल्या वाचकांना याची उदाहरणे आम्ही द्यायला नकोत.

क्रांतीनंतर १९१९ च्या अखेरीस सोव्हिएत सरकारने निरक्षरता संपवण्याचा आदेश काढला. त्या सुमारास प्रौढांसाठी जी बालबोध पुस्तिका निघाली तिच्या सुरुवातीच्या पाठात ‘राब’ हा शब्द होता. आपण दास नाही, अशा आशयाचे ते वाक्य दोनच अक्षरी शब्दांनी, उलटसुलट करून रचलेले होते, जेणेकरून अक्षर आणि अर्थ एकदमच मनात उतरावा. भूदासांची नातवंडे वयाच्या चाळिशीत पाटीवर पहिला शब्द गिरवत होती, आणि तो शब्द त्यांच्या आजोबांचा होता. पुढे त्या राजवटीने छावण्यांत सक्तमजुरीची कोणती व्यवस्था उभी केली हे सर्वश्रुत आहे. पण त्या पाठाचे मोल त्यामुळे कमी होत नाही, असे एक शिक्षक म्हणून आमचे मत आहे.

आता चेक प्रदेशाकडे वळू, कारण ‘रोबोट’चे घर तेथे आहे. बोहेमिया हा ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग सम्राटांच्या अमलाखालचा मुलूख. तेथे ‘रोबोता’ म्हणजे काम असा सर्वसाधारण अर्थ नव्हता. त्यासाठी ‘प्रात्से’ हा निराळा शब्द होता आणि आहे. रोबोता म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने विनामूल्य करायचे सक्तीचे काम. यासाठी मराठीत अचूक शब्द आहे, वेठ. संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला हा शब्द आणि फारसीतून आलेला ‘बिगार’ मिळून ‘वेठबिगार’ झाली. स्वतःचे बैल, स्वतःची अवजारे, स्वतःची भाकरी घेऊन दुसऱ्याच्या शेतावर राबायचे, आणि आपले पीक मात्र पावसात कुजत ठेवायचे. गावकामगार म्हणून दिवसरात्र हुकमाचे ताबेदार असलेल्या आमच्या पूर्वजांना याचे वर्णन करून सांगावे लागले नसते. याच वतनी गुलामीच्या विरोधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते, आणि भारताच्या संविधानातील अनुच्छेद २३ ने बिगार व सक्तीची मजुरी निषिद्ध ठरवली.

बोहेमियात रोबोता इतकी वाढली, की १६८० साली शेतकऱ्यांनी उठाव केला. सम्राट लिओपोल्ड याने तो सैन्याकरवी मोडला आणि मग एक राजाज्ञा काढली : रोबोता आठवड्यातून तीन दिवसांपेक्षा अधिक घेऊ नये. या आज्ञेला जर्मनमध्ये ‘रोबोट-पेटंट’ म्हणतात. म्हणजे ‘रोबोट’ हे रूप शासकीय कागदावर यंत्रमानवाच्या कितीतरी आधी होते. आठवड्याचे तीन दिवस ही सवलत समजली गेली, यावरून आधीची स्थिती ताडता येईल. जमीनदारांनी ती आज्ञाही धाब्यावर बसवली. १७७५ साली पुन्हा मोठा उठाव झाला. शेतकऱ्यांचे जमाव प्रागच्या दिशेने निघाले आणि ख्लुमेत्स गावाजवळ सैन्याने त्यांचा मोड केला. चेक भाषेत आजही एखाद्याची पुरती फजिती झाली, की ‘ख्लुमेत्सच्या शेतकऱ्यांसारखी गत झाली’ असे म्हणतात. हरलेल्यांची वाक्प्रचारात चेष्टा होते. त्यांनी का उठाव केला ते वाक्प्रचार सांगत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसाने नवी आज्ञा काढून जमिनीच्या प्रमाणात रोबोता ठरवून दिली. हंगेरीत तिने १७६७ सालीच पूर्ण शेताच्या कुळासाठी आठवड्याला बैलजोडीसह एक दिवस किंवा हाताने दोन दिवस, म्हणजे वर्षाला ५२ अथवा १०४ दिवस, असा हिशेब बांधला होता. हंगेरियन ही स्लाव्हिक कुळातली भाषा नव्हे, तरी तिनेही वेठीसाठी ‘रोबोट’ आणि कैद्यासाठी ‘राब’ हे शब्द स्लाव्हिकमधून घेतले. वेठ जेथे गेली तेथे तिचा शब्दही गेला.

तिचा मुलगा योसेफ दुसरा याने १७८१ साली भूदासत्व रद्द केले. माणसाला गाव सोडण्याची, लग्न करण्याची, धंदा शिकण्याची मोकळीक मिळाली. रोबोता मात्र राहिली. ती गेली १८४८ च्या क्रांतीत. व्हिएन्नाच्या संसदेत हान्स कुडलिख नावाचा शेतकऱ्याचा मुलगा निवडून आला होता. वय २४, सभागृहातील सर्वांत तरुण सदस्य. त्याने जुलैमध्ये प्रस्ताव मांडला, की धनी आणि कूळ हे नाते व त्यातून निघणारे सारे हक्क व भार रद्द करावेत. ७ सप्टेंबर १८४८ रोजी त्याचा कायदा झाला. परंतु जमीनदारांना भरपाई द्यायची असे ठरले, आणि तिचा एक तृतीयांश हिस्सा खुद्द शेतकऱ्यांनी भरायचा होता. पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवून घेतल्याबद्दल राबणाऱ्यांनीच नुकसानभरपाई द्यावी, असा हा न्याय! क्रांती मोडल्यावर कुडलिखला परागंदा व्हावे लागले. तो पुढे अमेरिकेत डॉक्टर म्हणून जगला.

येथे रुमानियाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. रुमानियन भाषाही स्लाव्हिक नव्हे, पण तिने ‘रोब’ हा शब्द घेतला तो त्याच्या मूळ, कठोर अर्थासह. वालाकिया आणि मोल्दाविया या तेथील संस्थानांत रोमा लोक शतकानुशतके ‘रोबी’ होते. वेठीचे शेतकरी नव्हेत, विकत घेता-देता येणारे गुलाम. तिस्माना मठाला चाळीस रोमा कुटुंबे दिल्याची १३८५ सालची नोंद आहे. राजा, मठ आणि सरदार असे तिघेही त्यांचे मालक होते. हे रोमा मूळचे भारतातले. सुमारे हजार वर्षांपूर्वी येथून निघालेल्या या लोकांच्या भाषेत आजही पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’, नाकाला ‘नाख’, काळ्याला ‘कालो’ आणि माणसाला ‘मानुष’ म्हणतात. ज्यांच्या भाषेत माणसासाठी आपलाच शब्द आहे त्यांना पाचशे वर्षे ‘रोब’ म्हटले गेले. मोल्दावियात १८५५ च्या डिसेंबरात आणि वालाकियात १८५६ च्या फेब्रुवारीत त्यांची गुलामी कायद्याने पूर्णतः संपली.

शब्दाचा प्रवास आणखी एका दिशेने झाला, आणि तो आम्हाला विशेष भावतो. पोलंडमध्ये ‘रोबोतनिक’ आणि रशियात ‘राबोची’ म्हणजे कामगार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कामगार संघटित होऊ लागले तेव्हा त्यांनी हा शब्द झटकून टाकला नाही. पोलिश समाजवाद्यांनी १८९४ साली आपल्या गुप्त वृत्तपत्राचे नावच ‘रोबोतनिक’ ठेवले. ऐंशी वर्षांनी, १९७६ साली, पोलंडमध्ये कामगारांच्याच नावाने चालणाऱ्या सरकारने कामगारांना झोडपले, तेव्हा त्यांच्या बचावासाठी स्थापन झालेल्या समितीच्या नावातही ‘रोबोतनिक’ होते.

चेक लेखक करेल चापेक याने १९२० साली ‘आर. यू. आर.’ हे नाटक लिहिले. एका बेटावरील कारखान्यात रासायनिक द्रव्यांपासून माणसासारखे जीव घडवले जातात. ते धातूचे नाहीत, त्यांना रक्तमांसासारखे शरीर आहे. फक्त इच्छा आणि वेदना या ‘अनावश्यक’ गोष्टी वगळलेल्या आहेत. ते स्वस्त आहेत, थकत नाहीत, पगार मागत नाहीत. जगभर त्यांची विक्री होते. या जीवांना काय म्हणावे हे चापेकला सुचेना. लॅटिनमधील श्रमवाचक शब्दावरून त्याने ‘लाबोरी’ हे नाव योजले होते, पण ते त्याला फार पुस्तकी वाटले. तो भाऊ योसेफकडे गेला. योसेफ चित्रकार, चित्र रंगवत असताना, तोंडात कुंचला धरूनच तो म्हणाला, मग त्यांना रोबोट म्हण. ही हकीकत करेलने स्वतः १९३३ साली वृत्तपत्रात लिहून शब्दाचे श्रेय भावाला दिले. रोबोता संपून तेव्हा अवघी बहात्तर वर्षे झाली होती. प्रेक्षागृहात असे वृद्ध बसलेले असणे सहज शक्य होते, ज्यांनी वेठीच्या कहाण्या आपल्या आई-बापांकडून ऐकल्या होत्या. त्या श्रोत्यांच्या कानी ‘रोबोट’ हा शब्द यंत्राचा नव्हता.

२५ जानेवारी १९२१ रोजी प्रागच्या राष्ट्रीय रंगभूमीवर नाटक झाले, पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला आणि १९२३ साली लंडनला. नाटकात शेवटी रोबोट बंड करतात. सारी माणसे मारली जातात. एकालाच जिवंत ठेवतात, कारण तो स्वतःच्या हातांनी काम करणारा असतो. इंग्रजीत शब्द गेला तो बंडाची ही गोष्ट घेऊनच, पण वेठीची आठवण चेक सरहद्दीवरच राहिली. १९४१ साली आयझॅक असिमॉव्ह याने एका कथेत ‘रोबोटिक्स’ हे रूप वापरले आणि ते एका विद्याशाखेचे नाव झाले. मराठीने ‘यंत्रमानव’ असा प्रतिशब्द घडवला. त्यात मानव आला, दास गळला.

करेल चापेक १९३८ च्या नाताळात वारला. नाझी सैन्य प्रागमध्ये शिरले ते त्यानंतर तीन महिन्यांनी. त्याला पकडायला आलेल्यांना तो गेल्याचे कळले. योसेफला १ सप्टेंबर १९३९ रोजी अटक झाली. डाखाऊ, बुखेनवाल्ड, साक्सेनहाउसेन अशा छावण्यांतून त्याला फिरवण्यात आले, आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये, युद्ध संपण्याच्या तोंडावर, बेर्गेन-बेल्सनच्या छावणीत तो मेला. डाखाऊ आणि साक्सेनहाउसेनच्या फाटकांवर ‘श्रम मुक्त करतात’ या अर्थाचे जर्मन वाक्य लोखंडी अक्षरांत होते. त्यातील श्रमासाठीचा शब्द ‘आर्बाइट’. जुन्या जर्मानिक भाषांत त्याचा अर्थ कष्ट, हाल असा होता, आणि व्युत्पत्तिकार तो ‘एर्बे’ आणि ‘अर्भक’ यांच्याच कुळातला मानतात. म्हणजे योसेफने सुचवलेला शब्द आणि त्या फाटकावरचा शब्द ही एकाच मुळाची दोन रूपे होत.

आजच्या रशियन शब्दकोशात हे सारे भाऊबंद थोड्या थोड्या पानांच्या अंतराने नांदत आहेत : ‘राब’, ‘राबोता’, ‘राबोची’, ‘रेब्योनोक’, आणि परदेश फिरून परत आलेला ‘रोबोत’. मॉस्कोतील एखादी आई मुलाला खेळण्यातला रोबोत देऊन सकाळी राबोतावर जाते, तेव्हा तिला हे शब्द एकमेकांचे कोणी लागतात असे वाटतही नाही. आणि येथे, आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात, परिचारिका नोंदवहीत आईच्या नावापुढे ‘अर्भक : स्त्री, वजन २ किलो ८०० ग्रॅम’ असे लिहिते.